तीनशे सत्तर किलोमीटरची ऐंशी मिनिटं

लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळापर्यंतचं सरळ अंतर सुमारे ३७० किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगानं जातं. भागाकार केला तर उत्तर येतं अठ्ठावीस मिनिटं. चढण्या-उतरण्यासाठी त्यात अर्धा तास मिळवायचा, अशी एक ढोबळ रीत आहे. ती लावली की साधारण तासाभराचा आकडा हाती येतो आणि सहलीचं नियोजन करणारे बहुतेक जण तोच धरून चालतात. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात मात्र या प्रवासाला साधारण ऐंशी मिनिटं दिलेली असतात, काही फेऱ्यांना चार-पाच मिनिटं कमी, काहींना जास्त. तिकिटावर तर आणखीच गंमत दिसते. लंडनहून दहाला निघालेलं विमान ॲमस्टरडॅमला बारा वीसला पोहोचतं आणि तिथून बाराला निघालेलं लंडनला त्याच बारा वीसला उतरतं. अंतर खरं, वेळ अंदाजे, आणि फरक पडला तर तो 'व्यवस्थेच्या ढिसाळपणामुळे', असं याचं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं. माझं म्हणणं वेगळं आहे. वेळापत्रकातली वेळ हा अंतराचा बिघडलेला अंदाज नाही. धावपट्ट्या, शेजाऱ्यांची झोप, इंधनाचा भाव, देशांच्या सीमा आणि न्यायालयांचे निकाल या सगळ्यांनी मिळून केलेली ती तडजोड आहे. अंतर हा त्यातला एक पक्ष आहे आणि छोट्या प्रवासात तर तो सगळ्यात दुबळा पक्ष आहे.

या ऐंशी मिनिटांतली हवेतली मिनिटं पाऊण तासाच्या आसपास भरतात. उरलेली जमिनीवर जातात. विमान कंपन्या ज्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात तो विमानाच्या चाकांखालच्या अडसरांपासून मोजला जातो. इकडे अडसर निघून विमान हललं की घड्याळ सुरू होतं आणि तिकडे आपल्या जागेवर जाऊन थांबलं की बंद. म्हणजे मागे ढकलून बाहेर काढणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जाणं आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा टर्मिनलपर्यंत रांगणं हे सगळं 'प्रवासाच्या वेळेत' येतं. स्किपोलची पोल्डरबान ही धावपट्टी या बाबतीत मुळापासून पाहण्यासारखी आहे. हा विमानतळ एका आटवलेल्या तळ्याच्या जागी उभा आहे. हार्लेमर्मेर हे तळं डच लोकांनी १८५२ पर्यंत पंपांनी उपसून कोरडं केलं, त्यामुळे विमानतळाची जमीन समुद्रसपाटीच्या तीनएक मीटर खाली आहे. सपाट, मोकळी, कुठेही धावपट्टी आखता येईल अशी ही जमीन. तरीही २००३ साली सुरू झालेली पोल्डरबान टर्मिनलपासून इतकी दूर नेली की तिच्यासाठी निराळा नियंत्रण मनोरा बांधावा लागला. तिच्यावर उतरलेलं विमान एका महामार्गावरच्या पुलावरून सरकत येतं आणि टर्मिनल गाठायला दहा-पंधरा मिनिटं सहज घेतं. हवेत पाऊण तास काढलेल्या विमानासाठी हा मोठाच हिस्सा आहे. ती दूर नेण्याचं कारण आवाज. आजूबाजूच्या दाट वस्तीवरून जाणारी विमानं कमी व्हावीत म्हणून ती तिथे गेली. त्या वस्तीतल्या लोकांची शांतता आपल्या तिकिटावर मिनिटांच्या रूपात छापलेली असते, फक्त तसं लिहिलेलं नसतं.

उलट दिशेला, हीथ्रोवर उतरताना, अडचण आणखी वेगळी आहे. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक असलेल्या हीथ्रोला धावपट्ट्या दोनच. पाचव्या टर्मिनलला परवानगी देताना वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा घातली गेली आणि विमानतळ त्या मर्यादेला जवळजवळ चिकटूनच चालतो. पश्चिमेचा वारा असतो तेव्हा, म्हणजे लंडनमध्ये बहुतेक दिवस, उतरण्याची धावपट्टी दुपारी तीनला बदलली जाते. कारण पुन्हा तेच, एका बाजूच्या लोकांना अर्धा दिवस तरी निवांत मिळावा. इतक्या काठोकाठ भरलेल्या जागी पाच मिनिटांचाही खळ पडू द्यायचा नसतो. म्हणून विमानं थोडी आधीच बोलावून आकाशात घिरट्या घालायला लावतात आणि एकेक करून खाली घेतात. बोव्हिंग्डन, लँबर्न, ऑकम आणि बिगिन ही या घिरट्यांच्या चार ठिकाणांची नावं. धावपट्टी कधीही रिकामी राहू नये यासाठी विमानांना रांगेत ठेवायचं, हे नियोजनच आहे. तिथे गेलेली दहा मिनिटं कुणाच्या चुकीमुळे जात नाहीत. आकाशातली रांग फार लांबली तर ब्रसेल्समधली युरोकंट्रोल ही संस्था विमानाला निघण्याच्या जागीच थांबवते. त्याला उड्डाणाची ठरावीक वेळ मिळते आणि त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत निघालं नाही तर नवी वेळ मागावी लागते. ॲमस्टरडॅमहून निघणाऱ्या विमानाला लंडनच्या गर्दीची किंमत बऱ्याचदा ॲमस्टरडॅमच्याच डांबरावर उभं राहून मोजावी लागते.

यावर सरळ आक्षेप असा की कंपन्या वेळ मुद्दाम फुगवतात. पाऊण तासाच्या उड्डाणाला ऐंशी मिनिटं लावली की विमान उशिरा निघूनही 'वेळेवर' पोहोचतं आणि वक्तशीरपणाच्या यादीत कंपनीचं नाव वर राहतं. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वक्तशीर धरण्याचा व्यवसायातला संकेतही कंपन्यांच्या सोयीचाच आहे. पण फुगवटा म्हणताना मूळ आकार कोणता मानायचा, हा प्रश्न उरतोच. अठ्ठावीस मिनिटं हा मूळ आकार नव्हे, त्या वेळात हे अंतर कुठलंही प्रवासी विमान कधी कापत नाही. रविवारी पहाटे रिकाम्या धावपट्टीवरून निघून जवळच्या धावपट्टीवर उतरलेल्या विमानाची वेळ मूळ मानावी, तर सोमवारी सकाळी त्याच मार्गावर लागणारी वेळ खोटी म्हणावी लागेल, आणि सोमवारचे प्रवासी ते मान्य करणार नाहीत. कंपन्या मागच्या हंगामांतल्या नोंदी बघून वेळ ठरवतात. एकाच मार्गावरच्या सकाळच्या आणि दुपारच्या फेऱ्यांना वेगवेगळी मिनिटं मिळतात ती त्यामुळेच. या वेळेत लबाडी असली तर ती मिनिटं वाढवण्यात नाही. वाढवलेली मिनिटं कुठून आली हे न सांगण्यात आहे.

वेगाचंही असंच आहे. विमानं दिवसेंदिवस वेगवान होत असतील आणि वेळ फक्त गर्दीनं खाल्ली असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण साठच्या दशकात ब्रिटिश युरोपियन एअरवेज युरोपभर उडवत असलेलं ट्रायडंट हे विमान आजच्या एअरबस ए-३२० पेक्षा चांगलंच वेगवान होतं. ते ताशी साडेनऊशे किलोमीटरच्या पुढे जाई, आजचं सव्वाआठशे-साडेआठशेवर समाधान मानतं. अभियांत्रिकी मागे गेलेली नाही, तिचं लक्ष्य बदललं. आज उड्डाणापूर्वी विमानाच्या संगणकात 'कॉस्ट इंडेक्स' नावाचा एक आकडा भरतात. एका मिनिटाची किंमत आणि एका किलो इंधनाची किंमत यांचं ते गुणोत्तर असतं. वेळ महाग असेल तर आकडा मोठा आणि विमान जलद, इंधन महाग असेल तर आकडा छोटा आणि विमान सबुरीनं. हा आकडा कंपनी आपल्या हिशेबानं ठरवते. तेव्हा ज्या वेगानं आपण सुरुवातीला अंतराला भागलं तो वेगही निसर्गदत्त नाही, तेलाच्या बाजारात ठरलेला आहे.

लांबच्या प्रवासात तरी अंतरच वेळ ठरवतं ना, असं कुणी विचारेल. होय, बऱ्याच अंशी ठरवतं. लिस्बन ते हेलसिंकी म्हणजे युरोपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३,३६० किलोमीटर, वेळापत्रकात साधारण साडेचार तास. म्हणजे छापील वेग ताशी साडेसातशेच्या घरात. तोच हिशेब लंडन-ॲमस्टरडॅमला लावला तर वेग पडतो ताशी २८० किलोमीटर, फ्रान्समधल्या जलदगती रेल्वेहून कमी. आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांतल्या वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या जगातल्या सर्वांत छोट्या नियमित विमानफेरीचं अंतर २.७ किलोमीटर, छापील वेळ दोन मिनिटं. म्हणजे ताशी ८१ किलोमीटर, चांगल्या रस्त्यावर एसटीही एवढं पळते. वारा साथीला असला तर ही फेरी मिनिटभरातही उरकते, विक्रम ५३ सेकंदांचा आहे. प्रत्येक प्रवासाच्या दोन्ही टोकांना एक ठरलेला खर्च असतो आणि अंतर जितकं वाढेल तितका तो खर्च पातळ होत जातो, हे या आकड्यांत दिसतं. युरोपातल्या विमानतळांच्या कितीतरी जोड्या पाचशे-हजार किलोमीटरच्या आत आहेत, तिथे तो पातळ होण्याइतकं अंतरच नसतं. वाऱ्याचा मुद्दाही मान्य करायला हवा. उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांमुळे पूर्वेकडे जाताना वेळ वाचते, परतताना लागते, आणि त्यात माणसाचा काही हात नाही. पण तासाभराच्या प्रवासात हा फरक मोजक्या मिनिटांचा असतो. पोल्डरबानवर सरकण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

आता ते बारा वीसचं कोडं. लंडन आणि ॲमस्टरडॅम यांच्या रेखांशांत पाचेक अंशांचा फरक आहे, सूर्याच्या हिशेबानं वीस मिनिटांचा. नेदरलँड्सचं घड्याळ एकेकाळी बरोबर तेवढंच पुढे होतं. १९०९ पासून देशभर ॲमस्टरडॅमची स्थानिक वेळ पाळली जाई, ग्रिनिचच्या १९ मिनिटं ३२ सेकंद पुढे. १९३७ मध्ये हिशेबाच्या सोयीसाठी ती पूर्ण वीस मिनिटं केली. मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी देश ताब्यात घेतला आणि काही दिवसांत घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावायला लावली. युद्ध संपलं, फौजा गेल्या, वेळ मात्र बर्लिनचीच, म्हणजे लंडनच्या तासभर पुढची राहिली. मुंबईनं स्वतःची, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत जपली हे आठवलं तर घड्याळ ही किती हट्टाची बाब असते ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. घड्याळाचा फरक ही प्रवासाची वेळ नव्हे, असं म्हणून हे बाजूला सारता येईल. पण प्रवाशाला तिकिटावर जे दिसतं आणि ज्यावर तो आपली बैठक ठरवतो, ते घड्याळच असतं.

सीमांचा मुद्दा सर्वांत ठळक दिसतो तो मॉस्को आणि कालिनिनग्राद या दोन रशियन शहरांमध्ये. कालिनिनग्राद हा पोलंड आणि लिथुआनिया यांच्यामध्ये अडकलेला, मुख्य देशापासून तुटलेला रशियाचा तुकडा. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर अकराशे किलोमीटरच्या आत, आणि फेब्रुवारी २०२२ पर्यंत विमानं लिथुआनिया-लाटवियाच्या वरून दोन तासांच्या आत पोहोचत. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर युरोपीय संघानं रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं. तेव्हापासून ही विमानं आधी वायव्येला सेंट पीटर्सबर्गकडे जातात, फिनलंडच्या आखातातून फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यामधल्या चिंचोळ्या आंतरराष्ट्रीय पट्टीतून बाहेर पडतात आणि बाल्टिक समुद्रावरून दक्षिणेला वळून येतात. वेळ तीन तासांच्या आसपास. जमीन तसूभरही हललेली नाही, तेव्हा अंतर विचारलं तर आजही तेच उत्तर मिळेल, आणि त्या उत्तराचा प्रवाशाला काहीही उपयोग नाही. सायप्रसमध्ये तर हे टोकाला गेलं आहे. बेटाच्या उत्तर भागातला एर्जान आणि दक्षिणेतला लार्नाका या विमानतळांमध्ये तीस-पस्तीस किलोमीटर अंतर आहे. पण उत्तरेचं सरकार तुर्कीशिवाय कुणी मानत नाही, एर्जानहून निघणाऱ्या विमानाला आधी तुर्कीत उतरावं लागतं आणि तुर्कीहून लार्नाकाला थेट विमान नाही. हवाई मार्गानंच जायचं ठरवलं तर इस्तंबूल आणि अथेन्स करत दिवस जाईल. २००३ मध्ये मधल्या रेषेवरचे रस्ते खुले झाल्यापासून शहाणा माणूस टॅक्सी करतो. सीमांवरच्या तणावाची झळ उपग्रहांच्या संकेतांपर्यंतही पोहोचते. एप्रिल २०२४ मध्ये एस्टोनियातल्या तार्तू विमानतळावर उपग्रह-संकेतांमधल्या अडथळ्यांमुळे हेलसिंकीहून आलेली दोन विमानं न उतरता परत गेली. मग ही अडीचशे किलोमीटरहूनही छोटी फेरी महिनाभर बंदच ठेवली गेली.

ही अपवादात्मक उदाहरणं आहेत, युरोपभराचा विचार केला तर विमानं सरळ रेषेच्या तुलनेत दोन-तीन टक्केच जास्त उडतात, असा प्रतिवाद होईल. टक्केवारी बरोबर आहे आणि त्यामागे खरे कष्ट आहेत. पोर्तुगालनं २००९ मध्ये आखून दिलेल्या हवाई रस्त्यांऐवजी विमानांना सरळ जाण्याची मुभा दिली आणि बाकी देशांनी हळूहळू तीच वाट धरली. मास्ट्रिख्टचं नियंत्रण केंद्र बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनी या सगळ्यांचं वरचं आकाश एकत्र सांभाळतं, ही राष्ट्रांनी आपल्या सार्वभौमत्वाला घातलेली मोठीच मुरड आहे. पण या सरासरीला दोन मर्यादा आहेत. ती मधल्या वाटेची आहे, टोकांना जाणाऱ्या मिनिटांची नाही. शिवाय काही वेळा वाकडी वाट कंपन्या स्वतःच निवडतात, कारण प्रत्येक देश आपल्या आकाशातून जाण्याचं शुल्क वेगळ्या दरानं घेतो, आणि स्वस्त देशावरून थोडं लांबून जाणं परवडतं. 'एकसंध युरोपीय आकाश' ही घोषणा झाल्याला पाव शतक उलटलं. ते एकसंध झालेलं नाही. नियंत्रकांच्या नोकऱ्या, लष्करी सरावांचे पट्टे आणि शुल्कातून मिळणारं उत्पन्न यांतलं काहीही सोडायला कुठल्या सरकारला घाई नाही.

अंतर आणि वेळ म्हणजे नेमकं काय, याची सर्वांत काटेकोर चिकित्सा झाली ती लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात. तिथे अडीचशे-चारशे युरोंसाठी भांडणाऱ्या सामान्य प्रवाशांनी जे प्रश्न विचारले ते भूगोलाच्या पुस्तकात सापडणार नाहीत. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाप्रमाणे भरपाई अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, संघातल्या संघात त्यापुढे ४००. मूळ नियमात ती प्रवेश नाकारलेल्या प्रवाशांसाठी आणि रद्द झालेल्या उड्डाणांसाठी होती, २००९ मध्ये न्यायालयानं तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरालाही ती लागू केली. मग रोमहून ब्रसेल्समार्गे हँबर्गला गेलेल्या प्रवाशांचा खटला आला. प्रत्यक्ष दोन टप्प्यांचं अंतर १,६५६ किलोमीटर, रोम-हँबर्ग सरळ अंतर १,३२६. प्रवासी पहिल्या आकड्यावर भरपाई मागत होते. २०१७ मध्ये न्यायालयानं सरळ अंतरच धरलं. मधे विमान बदललं म्हणून प्रवाशाचा त्रास थेट विमानाच्या प्रवाशाहून वेगळ्या जातीचा होत नाही, हा त्यामागचा विचार. वेळेचा खटला त्याआधीचा. मे २०१२ मध्ये झाल्ट्सबुर्गहून कोलोन-बॉनला जाणारं विमान दुपारी दोन चाळीसला पोहोचायचं होतं. त्याची चाकं धावपट्टीला टेकली पाच अडतीसला, म्हणजे उशीर दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. ते आपल्या जागी जाऊन थांबलं पाच त्रेचाळीसला, म्हणजे तीन तास तीन मिनिटं. दार त्यानंतर उघडलं. २५० युरो द्यायचे की नाही, हे या पाच मिनिटांवर आलं. २०१४ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की विमानाचं किमान एक दार उघडून प्रवाशांना बाहेर पडण्याची मुभा मिळते, तो क्षण म्हणजे पोहोचणं. कारण बंद विमानात बसलेला माणूस आपल्या मर्जीनं बोलू-वागू शकत नाही, कामाला लागू शकत नाही, त्याची कोंडी चालूच असते. हे कारण मला फार मोलाचं वाटतं. विमान कुठे आहे यापेक्षा माणूस मोकळा कधी होतो, याला कायद्यानं महत्त्व दिलं.

यातून कुणी असा निष्कर्ष काढेल की अंतर हेच न्यायाचं माप, कारण त्यावर वाद होत नाही. काही प्रमाणात हे मान्य आहे. सरळ अंतर कुणाला फुगवता येत नाही, संप झाला म्हणून ते बदलत नाही, आणि भरपाईसाठी असं निःपक्षपाती माप लागतंच. पण तेही वाटतं तेवढं निसर्गदत्त नाही. विमानतळाचं स्थान म्हणून नकाशावर एक नेमलेला बिंदू धरतात, तिथून ना विमान निघतं ना प्रवासी. पृथ्वी गोल मानायची की ध्रुवांशी किंचित चपटी, यानंही शेकडा अर्ध्यापर्यंत फरक पडू शकतो. १,५०० च्या सीमारेषेवर तेवढ्यानं दीडशे युरो इकडचे तिकडे होतील. दुसरीकडे फ्रान्सनं छोट्या विमानप्रवासांवर बंदी आणताना अंतर हे माप घेतलंच नाही. २०२१ चा कायदा आणि मे २०२३ चा आदेश म्हणतात, रेल्वेनं अडीच तासांच्या आत जाता येत असेल आणि गाड्या पुरेशा असतील तर विमान नको. त्यामुळे पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नांत, लियाँ आणि बोर्दोची विमानं बंद झाली. त्याच पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरून बोर्दोला विमानं चालू राहिली, कारण त्या विमानतळाला स्वतःचं जलदगती स्थानक आहे, मोजणी तिथून होते आणि तिथून अडीच तासांत पोहोचणारी सोय नाही. शहरं तीच, अंतर जवळपास तेच, निर्णय उलटा. ओर्लीची ही विमानं तशीही २०२० पासून सरकारी मदतीच्या अटीपायी थांबलेली होती, तेव्हा बंदीचा गाजावाजा परिणामापेक्षा मोठा होता. तरीही कायदेमंडळानं 'किती लांब' या प्रश्नाचं उत्तर तासांत द्यायचं ठरवलं, हे लक्षात घ्यावं.

जून २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या मंत्री परिषदेनं भरपाईसाठीची उशिराची मर्यादा तीन तासांवरून छोट्या-मध्यम प्रवासांना चार आणि लांबच्या प्रवासांना सहा तास करण्याची भूमिका घेतली, आणि युरोपीय संसदेत तिला विरोध झाला. कंपन्यांचा युक्तिवाद असा की तीन तासांत पर्यायी विमान आणता येत नाही, त्यामुळे उड्डाण रद्द करणंच त्यांना स्वस्त पडतं. त्यात काही तथ्य असेलही. पण छापील वेळेत किती मिनिटं गर्दीची, किती आवाजाच्या नियमांची आणि किती निव्वळ बचावाची आहेत हे जोवर कंपनीलाच माहीत असतं, तोवर उशीर कुठून मोजायचा हेही तिच्याच हाती राहतं. मर्यादा तीन तासांची असो वा चारची, सुरुवातीचा आकडा ऐंशीऐवजी नव्वद करणं तिला कधीही शक्य आहे. अमेरिकेत देशांतर्गत प्रत्येक फेरी किती टक्के वेळा वेळेवर पोहोचली हे तिकीट विकतानाच संकेतस्थळावर दाखवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. त्याच्या पुढे एक पाऊल टाकून मागच्या हंगामात त्या फेरीचं दार प्रत्यक्ष किती मिनिटांनी उघडलं, सर्वांत लवकर कधी, सर्वांत उशिरा कधी आणि बहुतेक वेळा कधी, हे तीन आकडे छापील वेळेशेजारी द्यायला काहीच अडचण नाही. प्रवासी गोंधळतील अशी सबब सांगितली जाते. पण भाड्याचे सात प्रकार, सामानाचे चार दर आणि आसनांचे नकाशे त्याच प्रवाशाच्या पुढ्यात मांडताना त्याच्या गोंधळाची काळजी कुणी केलेली दिसत नाही. नोंदी कंपन्यांकडे आहेत, वेळापत्रकं त्यांवरूनच तर बनतात.